नाव लागलं म्हणजे मालकी आली का?

वारसा, वाटणी आणि मृत्युपत्र : वाचकांचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो मालक, पासबुकावर जो नॉमिनी त्याचे पैसे, हे ते गृहीत. महसुली नोंद कुणाला मालकी देत नाही. ती फक्त दाखवते, आणि तेही चुकीचं ठरेपर्यंतच खरं मानलं जातं. पुढची उत्तरं हिंदू वारसा कायदा, १९५६ ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी आहेत (त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात). जिथे वेगळा कायदा आहे तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : वडील चैत्रात वारले. सहा एकर बागायत, निम्म्यात केळी उभी. मागे आई, आम्ही दोघे भाऊ, एक बहीण आणि वडिलांची आई, म्हणजे आमची आजी. तलाठ्याकडे काय द्यायचं? बहिणीचं आणि आजीचं नाव नाही लावलं तर चालेल का? — एक वाचक, ता. यावल

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : चालणार नाही. बहिणीबद्दल निदान चर्चा तरी होते, आजी मात्र सगळे विसरतात. मुलगा आईच्या आधी गेला तर आई ही वर्ग एकची वारस असते, बायको-मुलांच्या बरोबरीची. वडील असते तर ते त्या वर्गात येत नाहीत, पण आई येते. 

हिशेब करून पाहा. सहा एकर म्हणजे दोन हेक्टर चाळीस आर धरू. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर सरळ पाच वाटे : आई, दोन भाऊ, बहीण, आजी, प्रत्येकी अठ्ठेचाळीस आर. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब दोन पायऱ्यांत होतो. वडील जाण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती असं समजायचं. त्यात वडील, आई, दोन भाऊ आणि बहीण असे पाच हिस्से पडतात, पुन्हा अठ्ठेचाळीस आरचेच. मग वडिलांचे अठ्ठेचाळीस आर पाच वारसांत वाटायचे : ९.६ आर प्रत्येकी. म्हणजे आई, दोन्ही भाऊ आणि बहीण यांना ५७.६ आर, आजीला ९.६ आर. (आजोबा १९५६ नंतर वारले असतील तर आजीचा त्या वेळचा हिस्साही आहे. तो मोकळा झाला होता का, हे जुन्या फेरफारात बघा.) ही काल्पनिक वाटणीची रीत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गुरुपाद मगदूम प्रकरणात पक्की केली. मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि त्या तारखेला वडील हयात असायला हवेत ही अट नाही, हे २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मिटलं. लग्नात हुंडा दिला, घर बांधून दिलं, याने हिस्सा संपत नाही.

आता कागद. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची वंशावळ, प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, प्रत्येक वारसाचं आधार आणि पत्ता, पोलीस पाटील किंवा सरपंच-ग्रामसेवकाचा वारसांबाबतचा दाखला, आणि अलीकडचे सातबारा व आठ-अ उतारे. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. बाहेरचा टंकलेखक पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावत असेल तर आधी तलाठ्याला विचारा. अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो किंवा हाती देता येतो. हाती दिला तर पोच घ्या, तारीख आणि सहीसह. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही.

पुढे नोंद दोन टप्प्यांत चालते आणि लोक पहिल्यालाच शेवट समजतात. तलाठी (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आधी गाव नमुना सहा-क, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत नावं घेतो. मंडळ अधिकारी चौकशी करून वारस ठरवतात. त्यानंतर नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी राहतात आणि मग तो प्रमाणित होतो. हरकत आली तर प्रकरण सहा-अ या विवादग्रस्त वहीत जातं. निकाल पटला नाही तर प्रांतांकडे साठ दिवसांत अपील.

काम अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, नाव. सातबाऱ्यावर ‘रामा’, आधारवर ‘रामदास’, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच. तिन्ही एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा, त्रुटी निघण्याची वाट पाहू नका. दोन, शेजारच्या गावातली जमीन. वारसनोंद गावनिहाय होते. एका गावात फेरफार झाला म्हणजे दुसऱ्या गावातला तुकडा आपोआप बदलत नाही. ज्या ज्या गावात वडिलांचं खातं आहे तिथला आठ-अ काढा आणि प्रत्येक गावात वेगळा अर्ज द्या. सामाईक विहिरीतला हिस्सा, पाइपलाइनचा हक्क ‘इतर हक्कां’त लिहिलेला असतो, तोही पाहून ठेवा. केळीला पाणी ज्या विहिरीवरून येतं ती दुसऱ्याच गटात असते, आणि भांडण होतं ते तिच्यावरूनच.

नावं लागली की ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक आणि पीएम किसान ही तीन कामं लगोलग करा. वडिलांच्या खात्यावर मृत्यूनंतर आलेला पीएम किसानचा हप्ता परत करावा लागतो. वारसाला मात्र १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी जमीन नावावर असण्याची अट आडवी येत नाही, वारसाहक्काचा अपवाद नियमातच आहे.

प्रश्न : तिघी बहिणी आखाजीला माहेरी येणार आहेत. त्या हिस्सा नको म्हणतात. त्याच वेळी शंभराच्या स्टॅम्पवर सह्या घेऊन टाकाव्यात असं काका म्हणतात. चालेल? — एक वाचक, ता. अमळनेर

सणाच्या दिवशी सह्या घेण्याचा बेत सोडा. पुरणपोळीच्या ताटावर झालेल्या सहीबद्दल दहा वर्षांनी ‘मला वाचून दाखवलं नव्हतं’ असंच म्हटलं जातं. 

कायद्याचं सांगायचं तर हक्कसोडपत्र हा स्थावराचा हक्क सोडण्याचा दस्त आहे, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोटरी केलेला किंवा नुसत्या स्टॅम्पवरचा कागद हक्क सोडवत नाही. वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क भाऊ, बहीण, आई-वडील, मुलं, नवरा-बायको अशा नात्यात सोडला तर मुद्रांक नाममात्र असतो. पूर्वी तो दोनशे रुपये होता, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे आहे. नात्याबाहेर किंवा वडिलोपार्जित नसलेल्या मिळकतीत खरेदीखताइतका मुद्रांक बसू शकतो, म्हणून मिळकत कशी आली हे दस्तात नीट लिहा. 

आणखी काही गोष्टी तपासा. हक्क सोडायचा तो सहहिस्सेदाराच्याच नावे. भाच्याच्या किंवा सुनेच्या नावे ‘हक्कसोड’ होत नाही, ते बक्षीसपत्र होतं. कुणासाठी सोडला हे स्पष्ट लिहा, नाहीतर तो सगळ्याच सहहिस्सेदारांत वाटला गेल्याचा वाद निघतो. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, चतुःसीमा भरा. ‘गावातील सर्व मिळकत’ एवढ्यावर थांबू नका. वडील हयात असतील आणि जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असेल तर बहिणीला सोडायला अजून हक्कच आलेला नाही. तेव्हा घेतलेली हक्कसोड उद्या कोऱ्या कागदासारखी आहे. वडिलोपार्जित जमिनीत तसं नाही, तिथे मुलीचा हिस्सा आजच आहे. 

एखादी बहीण वारली असेल आणि तिची मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या वतीने बाप सही करू शकत नाही. जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेला दस्त मुलं अठरा वर्षांची झाल्यावर तीन वर्षांत रद्द करून घेऊ शकतात.

बहीण सुरतेला किंवा नवसारीला असेल आणि येणं शक्य नसेल तर तिने कुलमुखत्यारपत्र तिथल्याच, म्हणजे ती जिथे राहते त्या भागाच्या निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावं. तिथल्या नोटरीचा कागद इथला दुय्यम निबंधक परत पाठवतो. आणि तिला खरंच हिस्सा नको आहे का, हे भावाने नाही, भावजयीनेही नाही, वकिलाने एकटीला विचारलेलं बरं. 

प्रश्न : आमचे वडील कामानिमित्त सुरतला राहत, तिथेच दवाखान्यात वारले. दाखला गुजरातीत आहे. गावच्या ग्रामसेवकाकडे मराठी दाखला मिळेल का? — एक वाचक, ता. नवापूर

नाही. मृत्यू जिथे घडला तिथेच त्याची नोंद होते, तो माणूस कुठला यावर नाही. गावात दुसरी नोंद करून घेणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि दोन दाखले दोन तारखांचे निघाले की विमा कंपनी दोन्ही नाकारते. सुरत महापालिकेच्या दाखल्याच्या सात-आठ प्रती घ्या. गुजराती मजकुराचं प्रमाणित भाषांतर जोडा. 

नाव, वडिलांचं नाव, पत्ता चुकला असेल तर दुरुस्ती तिथल्याच निबंधकाकडे होते, इथून नाही. त्यासाठी दवाखान्याचा मृत्यूअहवाल सोबत ठेवा. गावी घरी मृत्यू झाला असेल तर एकवीस दिवसांत नोंद फुकट होते. तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क, वर्षभरापर्यंत लेखी परवानगी, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत एकवीस दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून हे काम कुणातरी एकाच्या अंगावर टाका.

प्रश्न : आजोबांची जमीन. सातबाऱ्यावर फक्त थोरल्या काकांचं नाव, त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं पूर्वी होतं. संगणकीकरणानंतर ती अक्षरं गेली. काका आता वारले आणि त्यांच्या मुलांची नावं लागत आहेत. आमचे वडील कसतात तो तुकडाही त्यात आहे. — एक वाचक, ता. शिंदखेडा

पंधरा दिवसांची जी नोटीस आहे ती तुमच्यासाठी सोन्याची आहे. आजच तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. एकदा फेरफार प्रमाणित झाला की तो फिरवायला अपील करावं लागतं, आणि तोवर चुलतभावाने सोसायटीचा बोजा चढवला किंवा साठेखत केलं तर गुंता वाढतो.

‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ अशी नोंद म्हणजे काकांनी नाव लावलं ते सगळ्यांच्या वतीने. ही अक्षरं कुठल्या फेरफाराने आली ते शोधा. हस्तलिखित सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक वर्तुळात असतो. त्या क्रमांकाचा जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून किंवा ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरून काढा. त्यात बहुधा ‘मयत अमुक यांना वारस चार मुले, पैकी थोरले एकत्र कुटुंबाचे मॅनेजर’ असा मजकूर सापडतो. एवढं एक पान हाती आलं की अर्धं काम झालं. संगणकावर उतरवताना अक्षरं गळली असतील तर ती लेखनचूक आहे, कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करू शकतात. 

जुन्या फेरफारातच कुटुंबाचा उल्लेख नसेल, किंवा चुलतभाऊ ‘वाटणी झाली, हा तुकडा आमचा’ म्हणत असतील, तर मात्र तहसीलदारांना मालकी ठरवता येत नाही. दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो. ‘आपण कसतोच आहोत, कुठे जाणार आहे’ म्हणून बसून राहणारे या प्रकरणांत हरलेले दिसतात.

सगळे राजी असतील तर खातेफोड करून टाका. दोन वाटा आहेत. कलम ८५ खाली तहसीलदारांकडे सर्वांच्या संमतीने अर्ज, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शंभर रुपये, आणि नोंदणी फी २०२५ मध्ये शासनाने माफ केली आहे. यापूर्वी ती एक टक्का, कमाल तीस हजार होती, म्हणून लोक टाळत. आता टाळायला कारण नाही. तुकडे फार लहान पाडू नका : २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे, बागायतीला दहा गुंठे आहे. मोजणी करून पोटहिस्से पाडल्याशिवाय वाटणी कागदावरच राहते. बांध कुठे, रस्ता कुणाच्या हिश्श्यातून, विहिरीचं पाणी किती दिवसांच्या पाळीने, हे वाटणीपत्रात लिहा. क्षेत्राची बेरीज कुणीही करतो, पाळी कुणी लिहीत नाही.

प्रश्न : बँकेत नॉमिनी थोरला मुलगा आहे. धाकट्याला आणि मुलीला काहीच नाही का? — एक वाचक, धुळे

नॉमिनी म्हणजे पैसे घेणारा हात, खिसा नाही. बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते. ते पैसे मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काने ज्यांचे, त्यांना त्याने द्यायचे असतात. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या सरबती देवी प्रकरणात हेच सांगितलं, शेअर्सबाबत २०२३ साली. विम्यात मात्र २०१५ पासून एक फरक आहे : आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर विम्याची रक्कम खरोखर त्यांचीच होते. थोरल्याला विम्याचा नॉमिनी करून ‘तो वाटून देईल’ असं धरलं असेल तर ते आजच बदला. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीने नेमता येतात, बदलाचा अर्ज शाखेत एका पानाचा असतो.

नॉमिनी नसेल तर? रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे व्यापारी बँकांत पंधरा लाखांपर्यंत, सहकारी बँकांत पाच लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने, वारसांचं घोषणापत्र आणि हमीपत्र घेऊन पैसे द्यायचे आहेत. कागद पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांत. त्यावर रक्कम असेल किंवा वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र ठेवी, रोखे, येणी यांच्यासाठी असतं. जमिनीला ते लागत नाही आणि जमिनीचा फेरफार बँकेला पुरत नाही. लोक एक कागद घेऊन दोन्हीकडे फिरतात.

माणूस गेल्यावर त्याचं एटीएम वापरू नका, फोनवरून पैसे वळवू नका. खर्चासाठी हजार-दोन हजार काढले तरी ती नोंद राहते, आणि पुढे भावाभावात बिनसलं की तीच छापून समोर येते.

प्रश्न : वडील गव्हाला पाणी द्यायला रात्री गेले, सर्पदंशाने वारले. सोसायटीचं पीककर्ज तीन लाख आहे. सोसायटी म्हणते मुलांनी भरा. भरावंच लागेल का? — एक वाचक, ता. चोपडा

तुमच्या कमाईतून नाही. वडिलांकडून जेवढी मिळकत तुमच्याकडे आली तेवढ्यापुरतंच कर्ज वारसांवर येतं. मुलगा आहे म्हणून बापाचं देणं फेडावं हा जुना धर्मनियम २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना लागू होत नाही. मात्र जमिनीवर बोजा आहे, तो इतर हक्कांत दिसतो. जमीन घेतली की बोजाही आला. म्हणून सोसायटीकडून मृत्यूच्या तारखेची बाकी लेखी मागा, मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवून. नव्या नावाने कर्ज ‘फिरवून’ घ्यायला सांगितलं तर सही करण्याआधी थांबा. त्या सहीने वडिलांचं कर्ज तुमचं स्वतःचं होतं.

आता त्याहून घाईचं. सर्पदंश, वीज पडणं, विहिरीत पडणं, विजेचा धक्का अशा अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख मिळतात, वय दहा ते पंचाहत्तर. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, तीस दिवसांत. यासाठी प्राथमिक माहिती अहवाल किंवा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जपून ठेवा. शवविच्छेदन नको म्हणून दवाखान्यातून तसंच घरी आणलं की सर्पदंश सिद्ध करायला काही उरत नाही.

दुसरं, वडिलांचं पासबुक काढा आणि मे-जूनची पानं पाहा. ४३६ रुपये वजा झाले असतील तर जीवन ज्योती विमा चालू होता, वीस रुपये वजा असतील तर सुरक्षा विमा. पहिला कुठल्याही कारणाने आलेल्या मृत्यूला, दुसरा अपघाताला, प्रत्येकी दोन लाख. दोन्ही असतील तर दोन्ही मिळतात, मुंडे योजना वेगळी. हे आकडे छोटे म्हणून पासबुकात नजरेतून सुटतात आणि बँक स्वतः कळवत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. घर, एक प्लॉट, थोडी वडिलोपार्जित शेती, ठेवी. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. पत्नीची सोय व्हावी आणि दोघांत भांडण नको. मृत्युपत्र कसं करावं? रजिस्टर करावंच लागतं का? — एक वाचक, शिरपूर

नोंदणी सक्तीची नाही, पण करा. फी शंभर रुपये, मुद्रांक शून्य. इतक्या स्वस्तात एवढा भक्कम कागद दुसरा नाही. प्रोबेट म्हणजे न्यायालयाची मोहोर शिरपुरातल्या मिळकतीला लागत नाही. ती भानगड मुंबईतल्या मृत्युपत्रांची आणि मिळकतींची होती, तीही सक्ती २०२५ मध्ये संपली. 

कायद्याला लागतं ते एवढंच : तुमची सही, आणि दोन साक्षीदार ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं आणि तुमच्यासमोर स्वतः सही केली. पुढे वाद झाला तर त्यातल्या निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. म्हणून तुमच्या वयाचे मित्र साक्षीदार नकोत. तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, गावातच राहणारे, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे दोघं घ्या. ज्या दिवशी सही त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा : पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून. आठवडाभर आधीचं नको. प्रत्येक पानावर सही. मुलगा त्या दिवशी निबंधक कार्यालयात बरोबर नसेल तर उत्तम. ‘बापाला गाडीत घालून नेलं आणि सही घेतली’ हा आरोप इथेच जन्मतो.

मजकुरात सगळ्यात जास्त चुकतं ते पत्नीबाबत. ‘घर पत्नीला हयातभर, तिच्यानंतर मुलाला’ असं लिहिलं तर पत्नीला राहता येतं, विकता येत नाही. आजारपणात पैसे लागले तर ती मुलाच्या हातात. ‘घर पत्नीला पूर्ण मालकीने’ असं लिहिलं तर ती ते कुणालाही देऊ शकते. दोन्हीपैकी काय हवं ते ठरवून एकच लिहा. ‘मालकीने, पण विकू नये’ अशी खिचडी वकिलांना वर्षानुवर्षं काम पुरवते. ठेवी पूर्ण पत्नीच्या आणि घर हयातभर, अशी विभागणी पुष्कळांना सोयीची पडते.

वडिलोपार्जित शेतीत फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करता येतं, मुलीचा आणि मुलाचा हिस्सा त्यांचा आधीच आहे. पत्नी तुमच्या आधी गेली तर तिचा वाटा कुणाला, हे एका ओळीत लिहा. ‘याखेरीज माझी जी काही मिळकत असेल किंवा पुढे होईल ती अमुकाला’ हे वाक्य विसरू नका. मृत्युपत्रानंतर घेतलेली ठेव नेमकी तिथेच लटकते. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द केल्याचंही लिहा. एखाद्याला कमी देत असाल तर कारण एका सभ्य वाक्यात द्या. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने देता येत नाही, ते नियमाप्रमाणे पत्नीलाच मिळतं; सेवापुस्तकात आणि पेन्शनच्या कागदांत तिचं नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे आहे ना, तेवढं पाहा.

काही जण म्हणतील, मृत्युपत्र कशाला, आत्ताच बक्षीसपत्र करून टाका. बक्षीसपत्र केलं की घर त्या दिवसापासून गेलं. करायचंच असेल तर ‘आम्हा उभयतांचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात घाला. मुलाने पाठ फिरवली तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. अट तोंडी असेल तर ती सिद्ध करणं तुमच्या गळ्यात.

मुस्लीम वाचकांसाठी : वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्र एक तृतीयांश मिळकतीपुरतंच चालतं, तेही खर्च आणि देणी वजा जाता.

प्रश्न : आम्ही पावरा. वडिलांच्या नावे वनपट्टा आणि थोडी मालकीची जमीन. वडील गेले. बहिणींना हिस्सा आहे का? पट्टा नावावर कसा करायचा? — एक वाचक, ता. धडगाव

अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सरळ लागू होत नाही, कलम २ (२) तसं सांगतं. जमातीची रूढ चालते. पण ‘रूढीत बहिणीला नाही’ असं म्हणणाऱ्याने ती रूढ सिद्ध करायची असते, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात म्हटलं की तशी रूढ दाखवता आली नाही तर स्त्रीला बरोबरीचा हिस्सा नाकारता येणार नाही. म्हणून वंशावळीत बहिणी लिहा. मालकीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची परवानगी लागते, गहाण-भाडेपट्ट्यालाही. त्याशिवायचा कागद टिकत नाही.

वनपट्टा वारसाने जातो, विकता येत नाही. लग्न झालेल्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. आईचं नाव प्रमाणपत्रावर आहे का ते आधी पाहा. असेल तर ती धारक आहेच, वारस म्हणून नव्याने मागायचं नाही. वारसांचा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह वनहक्क समितीमार्फत उपविभागीय स्तरावर जातो. मूळ प्रमाणपत्राची आणि नकाशाची प्रत जपा. पावसात घरात भिजून गेलेलं प्रमाणपत्र पुन्हा मिळवायला पट्टा मिळवण्याइतकीच पायपीट पडते, म्हणून फोटो काढून दोन फोनमध्ये ठेवा.

प्रश्न : वडिलांच्या नावावर ट्रॅक्टर आहे. हप्ते संपलेत. — एक वाचक, ता. पारोळा

तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवा, तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नावावर करून घ्या. आधी कर्जदात्याकडून ना-हरकत आणि नमुना ३५ घेऊन तारण उतरवा. हप्ते फिटले तरी आरसी बुकावरचं तारण आपोआप निघत नाही. तोवर विमा मृताच्या नावे असतो, कंपनीला कळवा. ऊस-कापसाच्या हंगामात अपघात झाला आणि विमा फेटाळला तर भरपाई वारसांवर येते.

प्रश्न : आईचे दागिने मुलींनाच जातात ना? — एक वाचक, जळगाव

रीत तशी आहे, कायदा तसा नाही. आईचं सोनं तिच्या पूर्ण मालकीचं, आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखं. पाटल्या मुलीला आणि गोफ नातवाला हवा असेल तर तिने तो हयातीतच हातात द्यावा किंवा मृत्युपत्रात दागिन्याचं नाव आणि वजन घालून लिहावं. ‘माझं सगळं सोनं मुलीला’ यापेक्षा ‘दोन पाटल्या, अंदाजे चार तोळे, लॉकरमधील’ हे बरं. मूल न होता बाई वारली तर वेगळं आहे : आई-वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत माहेरी परतते, सासऱ्यांकडून किंवा नवऱ्याकडून वारसाने आलेली नवऱ्याच्या वारसांकडे. त्यामुळे कुठला दागिना कुठून आला, याची पावती किंवा निदान लग्नातला फोटो लॉकरच्या किल्लीशेजारी ठेवा.